गजभियेबाबूंच्या निधनाची फाईल

हिरालाल गजभिये यांनी स्वतःच्या निधनाची फाईल उघडली ती एका मंगळवारी, सकाळचा चहा झाल्यावर, अकरा वाजून पाच मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्यांनी ती फाईलच्या पहिल्याच पानावर टाकून खाली सही केली होती. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. लाखनीत त्यांना अजून सगळे गजभियेबाबूच म्हणतात. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी घरी गॅसचं सिलिंडर आलं की ते त्याची आवक नोंद करतात. अशा माणसानं मरणासारखा महत्त्वाचा विषय तोंडी ठेवावा, हे शक्यच नव्हतं.

कारण घडलं होतं एकोडीला. तिथं त्यांचे जुने सहकारी राजकुमार मेश्राम वारले आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाला हिरालाल गेले होते. वंदना झाली, भाषणं झाली, पंगती उठल्या, आणि मग मांडवाच्या मागं मेश्रामांच्या दोन पोरांत जुंपली. जमिनीवरून नाही, आईवरून. मोठा म्हणे माझ्याकडे दोनच खोल्या, धाकटा म्हणे माझी बायको नोकरीवाली. आणि ती माउली तिथंच दहा हातांवर पत्रावळी गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही. परतीच्या बसमध्ये ते खिडकीतून कापलेल्या धानाच्या बांध्या बघत होते, पण दिसत होती ती बाईच. लाखनीचा थांबा येईपर्यंत मात्र त्यांनी या दुःखाचं मूळ शोधून काढलं. मेश्रामांनी काहीही लेखी ठेवलं नव्हतं.

आता खरं विचाराल तर त्या बाईला कोणी काही विचारलंच नव्हतं, हेही एक मूळ असू शकत होतं. पण कारकून ज्या बाजूनं बघत आला त्याच बाजूनं बघणार. त्याला हिरालाल तरी काय करतील? चौतीस वर्षं काही थोडी नसतात.

मसुदा तीन दिवसांत तयार झाला. उजव्या कोपऱ्यात तारीख. मग 'विषय : माझ्या निधनानंतर करावयाची कार्यवाही'. मग 'संदर्भ : निरंक'. त्याखाली 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की'. परिशिष्ट अ मध्ये मालमत्ता : लाखनीचं घर मुलगा संघपाल आणि मुलगी प्रतिक्षा यांना निम्मं निम्मं. परिशिष्ट ब मध्ये आजारपण : नाकातोंडात नळ्या घालू नयेत, आणि भेटायला येणाऱ्यांनी त्याच रोगानं गेलेल्या आपल्या नातेवाइकांच्या हकिगती खाटेजवळ बसून सांगू नयेत. ही अट तर सगळ्यांनीच आपापल्या घरी लावावी अशी आहे. परिशिष्ट क मध्ये शोकसभा : वक्ते पाच, प्रत्येकी चार मिनिटं, कविता वाचू नयेत. आणि शेवटी परिशिष्ट ड मध्ये विमलाबाई.

विमलाबाई म्हणजे त्यांची बायको. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण परिशिष्ट वाचून तसं वाटत नव्हतं. तिथं लिहिलं होतं : 'श्रीमती विमलाबाई यांनी जून ते नोव्हेंबर मुलाकडे पुणे येथे व डिसेंबर ते मे मुलीकडे नागपूर येथे राहावे. पोहोचविण्याची जबाबदारी ज्याचा कालावधी संपला असेल त्याची राहील.'

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी हे सगळं विमलाबाईंना वाचून दाखवलं. त्या ओट्यावर बसून लाखोळीची भाजी निवडत होत्या. अ ऐकलं, ब ऐकलं, क ला थोडं हसल्याही. ड वाचून झालं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"उन्हाळ्यात नागपूरले?" त्यांनी विचारलं.

"प्रतिक्षाकडं कूलर मोठा आहे," हिरालाल म्हणाले. "म्या सगळा इचार करूनच लिवलं."

"अन् हे घर?"

"ते पोरं पाहून घेतीन. इकतीन, नाही तं भाड्यानं देतीन. तुले कायले त्याची काळजी?"

विमलाबाईंनी भाजी ठेवलेलं सूप उचललं आणि त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्या बोलेनाशा झाल्या. म्हणजे रुसल्या-फुगल्या नाहीत. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, विचारलं तर 'हाव', नाही तर 'नाही'. पण आपणहून एक शब्द नाही. दुसऱ्या कोणत्याही नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी घाबरून मेव्हण्याला फोन केला असता. हिरालालांनी आठ दिवस वाट पाहिली आणि परिशिष्ट डच्या समासात लाल शाईनं शेरा मारला : 'हरकत प्राप्त नाही.'

मग सुरू झाले सल्ले. समोर राहणारे मोतीलाल हेडाऊ, विणकर घराण्यातले, हायवेला कापडाचं दुकान. त्यांच्या कानावर गोष्ट जाताच ते गल्ल्यावर पोराला बसवून आले.

"बाबूजी, कागद पक्का करा," ते म्हणाले. "आमच्या मोठ्या बाबानं केलं होतं मृत्युपत्र. तो गेल्यावर पोरं म्हणे का बुड्याचं डोस्कं ठिकानावर नव्हतं. बारा वर्षं कोर्टात चकरा मारल्या. तुमी पयले डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, का डोस्कं शाबूत आहे म्हणून."

"माहं डोस्कं शाबूत आहे हे सगळ्या लाखनीले माहीत आहे," हिरालाल दुखावून म्हणाले.

"माहीत आहे न जी. पन सगळी लाखनी काही कोर्टात येनार नाही न."

हिरालाल गेले डॉक्टरकडे. डॉक्टर तरुण होता आणि त्यानं पहिलंच वाक्य चुकीचं उच्चारलं. तो म्हणाला, "पेशंटचं नाव?"

"पेशंट नाही. अर्जदार," हिरालाल म्हणाले.

डॉक्टरनं वर बघितलं. मग त्यानं वार विचारला, तारीख विचारली, मुलं किती विचारलं. शेवटी म्हणाला, शंभरातून सात वजा करत जा. हिरालाल करत गेले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. पासष्टला डॉक्टर 'बस' म्हणाला, पण काम अर्धवट सोडायची सवय नव्हती. ते खाली खाली जात दोनपर्यंत गेले आणि 'शिल्लक दोन' असं जाहीर करून थांबले. बाहेर रांगेत खोकणारी माणसं कौतुकानं ऐकत होती. डॉक्टरनं सर्टिफिकेट लिहिलं, त्यात 'रुग्ण' असा शब्द टाकला. हिरालालांनी तो बदलायला सांगितला. डॉक्टर म्हणाला छापील फॉर्म आहे. हिरालाल म्हणाले खोडून सही करता येते. डॉक्टर म्हणाला मग आधी तुमचा बीपी बघतो. बीपी निघाला एकशेऐंशी. म्हणजे माणूस गेला होता ठणठणीत असल्याचा दाखला आणायला, आणि दाखल्यासोबत जन्मभराची गोळी घेऊन आला. ती पिशवी हातात घेऊन दवाखान्यातून उतरताना त्यांना हेडाऊंच्या दुकानातल्या नोकरानं बघितलं, हे इथं नोंदवून ठेवायला पाहिजे.

आता हवे होते दोन साक्षीदार. एक हेडाऊ तयार झाले. दुसऱ्यासाठी हिरालाल गेले इश्वर वासनिकांकडे. इश्वर म्हणजे शेजारच्या घरातले, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आवाज असा की जयंतीच्या मिरवणुकीत माईक बंद पडला की लोक इश्वर गुरुजींना पुढं करतात. परिसरात कोणाचीही शोकसभा असो, गुरुजी बोलल्याशिवाय मयताला सुटका नाही. त्यांनी चष्मा लावला आणि फाईल सुरुवातीपासून वाचायला घेतली. परिशिष्ट क पाशी ते थांबले. वक्त्यांची पाच नावं त्यांनी दोनदा वाचली. मग फाईल मिटली.

"मी साक्षीदार होनार नाही," ते म्हणाले.

"काहून जी?"

"जिथं मी बोलायच्या लायकीचा नाही, तिथं मी सही कायले करू? तीस वर्षांपासून शेजारी आहो आपन. तुमच्या संघपालच्या लग्नात स्वागत म्या केलं. अन् तुमच्या शोकसभेत तो साकोलीचा मानूस बोलन, ज्याले तुमचं पूर्न नावही येत नाही!"

गुरुजींचे डोळे खरोखर भरून आले होते. हिरालालांनाही वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं साकोलीवाल्याचं नाव छाटून गुरुजींचं घातलं आणि वेळ चारची सहा मिनिटं केली. गुरुजी शांत झाले. पण त्यांचं समाधान एवढ्यावर होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चार कागद घेऊन हजर.

"भाषन लिवलं," ते म्हणाले. "एकडाव आयकून घ्या. मांगून चूक निंगाली तर सांगाले तुमी राहनार नाही."

हा मुद्दा हिरालालांना पटला. तेही नोंदीचेच माणूस. त्यांनी पुढच्या खोलीत खुर्ची टाकली, गुरुजी समोर उभे राहिले, एक मिनिट स्तब्धता पाळून झाली, ती स्वतः हिरालालांनीही उठून पाळली, आणि मग तो आवाज लागला.

"कालकथित हिरालालजी गजभिये! आज ते आपल्यात नाहीत!"

"हळू," हिरालाल म्हणाले.

"हळू मले जमत नाही. आज ते आपल्यात नाहीत! आसगावच्या आरोग्य केंद्रात अठ्ठ्यान्नवपर्यंत त्यांनी..."

"सत्त्यान्नव."

"सत्त्यान्नवपर्यंत त्यांनी निष्कलंक सेवा दिली! अरे, कालकथित हिरालालजी, तुम्ही आम्हाला सोडून का गेलात!"

धान कापणीचे दिवस होते. शेतावरून परतणाऱ्या चार बाया गल्लीतून चालल्या होत्या. त्या जागीच थांबल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. तिघी आपापल्या घराकडे पळाल्या, आणि चौथी होती हेडाऊंच्या नोकराची बायको. तिनं कालची औषधाची पिशवी आणि आजचं भाषण यांची सांगड घातली. पाव तासात हायवेपर्यंत बातमी गेली. हेडाऊंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि प्रतिक्षाला नागपूरला फोन केला. प्रतिक्षानं रडत रडत पुण्याला संघपालला केला. दोघांनीही घरी लावून बघितला, पण शोकसभेची शिस्त म्हणून हिरालालांनी सराव सुरू व्हायच्या आधीच स्वतःचा फोन बंद केला होता. विमलाबाई गच्चीवर पापड वाळवत होत्या आणि त्यांचा फोन खाली चार्जिंगला होता.

सहा मिनिटांचं भाषण तासाभरानं संपलं, गुरुजी मागच्या दारानं घरी गेले, आणि हिरालालांना बाहेर कुजबुज ऐकू आली. फाटकापाशी पंधरा-वीस माणसं उभी. बरीचशी पांढऱ्या कपड्यांत. कोणी तरी ताडपत्री आणली होती. हिरालाल बाजूच्या दारानं बाहेर पडून घोळक्याच्या मागं जाऊन उभे राहिले.

"कोन गेलं गा?" त्यांनी विचारलं.

"गजभियेबाबू," पुढचा माणूस मागं न बघता म्हणाला.

आता इथं कोणीही शहाणा माणूस ओरडला असता. पण आपल्यामागं लोक काय बोलतात हे ऐकायची संधी माणसाला एकदाही मिळत नाही, आणि ती हिरालालांना अचानक मिळाली होती. ते गप्प राहिले. एक जण म्हणाला, माणूस सीधा होता. दुसरा म्हणाला, हो, पण सहीसाठी लय फिरवत होता. एवढं चाललं असतं. मग दोन बाया बोलू लागल्या.

"आता विमलाबाईचं कसं होईन वं?"

"होईन कसं? पोरं नेतीन."

"नेतीन काय?"

"न्याच लागन न कोनाले तरी. टाकून थोडी देतीन."

हिरालालांना एकोडीचा मांडव आठवला. पण तेवढ्यात पुढच्या माणसानं मान वळवली, हिरालालांना बघितलं आणि त्याच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की ताडपत्रीवाला ताडपत्रीसकट नालीत गेला. पुढचा तास माफी मागण्यात आणि चहा करण्यात गेला. एवढ्या लोकांचा चहा विमलाबाईंनीच केला. कोणी म्हणालं, बाबूजी, आता शंभर वर्षं जगसान. विमलाबाई कप धुवत होत्या.

हिरालालांनी पोरांना फोन करून आपण हयात असल्याचं कळवलं. पण प्रतिक्षा म्हणाली, तुम्ही सांगता म्हणून काय झालं, मी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. दुपारी संघपाल आला. दोघांनी बापाला आधी मिठी मारली, मग झाडलं. मग फाईल मागितली. हिरालालांनी ती मोठ्या अभिमानानं दिली. एकदा पोरांनी वाचली, सह्या झाल्या, की मेश्रामांसारखी वेळ आपल्या घरावर येणार नव्हती.

पोरं वाईट नव्हती हे आधी सांगतो. संघपाल दर महिन्याला आईच्या गुडघ्याचं तेल पाठवतो. प्रतिक्षा परिचारिका आहे, आईचा आवाज जरा बसला तरी तिला फोनवर कळतं. पण कागदावर महिने आले की माणूस महिन्यांचाच विचार करू लागतो.

"बाबा, जून ते नोव्हेंबर पुणे?" संघपाल म्हणाला. "आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. आईचे गुडघे आखडतील. तिला तेव्हा नागपूरलाच बरं."

"माझ्या मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये असतात दादा," प्रतिक्षा म्हणाली. "आणि माझी ड्यूटी तुला माहीत आहे. ती एकटी दिवसभर काय करेल?"

"मग दिवाळी? दिवाळी माझ्या वाट्याला आहे, म्हणजे मी इकडे यायचंच नाही का?"

"मग चार-चार महिने करा."

"वर्षात चाराचे तीन तुकडे होतात. तिसरा कोणाकडे?"

विमलाबाई दाराशी बसून कालचे पापड डब्यात भरत होत्या. त्या दहा हातांवर होत्या. हिरालालांनी त्यांच्याकडे बघितलं. लेखी असूनही तेच चाललं होतं. तीच वाक्यं, तसाच खालचा आवाज, तशीच खाली घातलेली मान. ते उठले, आणि आता तरी काही तरी माणसासारखं बोलतील असं वाटलं असेल, पण नाही. चौतीस वर्षं! ते म्हणाले, "दुरुस्ती सुचवा. मी शुद्धिपत्रक काढतो."

विमलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या उठून परसात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी टीना शेंडेकडे जायचं ठरलं होतं. टीना म्हणजे हिरालालांच्या एका सहकाऱ्याची मुलगी, नवीनच वकील झालेली. खताच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. तिनं फोनवर सांगितलं, काका, घराचं खरेदीखत घेऊन या, बाकी मी टाईप करते. खरेदीखत विमलाबाईंच्या पेटीत होतं. त्यांनी ते लुगड्यांच्या तळातून काढून प्लास्टिकसकट फाईलमध्ये ठेवून दिलं.

सकाळी अकरा वाजता त्या लहानशा खोलीत सात माणसं दाटून बसली. हिरालाल, विमलाबाई, दोन पोरं, दोन साक्षीदार आणि टीना. इश्वर गुरुजी पांढऱ्या शर्टात आले होते. खाली हायवेनं ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. टीनानं डॉक्टरचा दाखला बघितला, 'रुग्ण' खोडून 'अर्जदार' केलेलं बघून ती हसली. मग खरेदीखत उघडलं. वाचलं. पुन्हा पहिलं पान काढून वाचलं.

"काका," ती म्हणाली, "हे घर तर तुमचं नाही."

"म्हनजे?"

"काकूंच्या नावानं आहे. खरेदी घेणार, विमला हिरालाल गजभिये. तुम्ही याचं मृत्युपत्र करूच शकत नाही."

हेडाऊंनी खुर्ची पुढं ओढली. गुरुजींनी चष्मा पुसला. आणि हिरालाल गजभिये, जे कोणाचाही कागद विसरत नसत, त्यांना आपला स्वतःचा कागद आठवला. पंच्याण्णव साली प्लॉट घेताना सरकारी नोकर म्हणून खात्याची परवानगी लागत होती. अर्ज त्यांनी लिहिला. तो इतका बिनचूक करायला घेतला की तीन महिने पाठवलाच नाही. इकडे प्लॉटवाला दुसरं गिऱ्हाईक बघू लागला. तेव्हा कोणी तरी म्हणालं, बायकोच्या नावानं घेऊन टाक, मग करून घेशील आपल्या नावानं. ती तात्पुरती व्यवस्था होती. मग ते आसगावला, घर बांधणं लाखनीत. शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. बाकी पाच दिवस संघपालला ओट्यावर बसवून, पोटात प्रतिक्षा, भिंतींना पाणी कोण मारत होतं? मिस्त्रीशी कोण भांडत होतं? घर उभं राहिलं, फाटकावर पाटी लागली 'हिरालाल गजभिये', विजेचं बिल त्यांच्या नावानं येऊ लागलं, आणि घर आपलं असल्याची त्यांची खात्री होऊन गेली.

"तुले माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दर मार्चमधे घराचा टॅक्स कोन भरते?" विमलाबाई म्हणाल्या. दहा-बारा दिवसांत त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य. "पावतीवर नाव वाचता येते मले."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी इचारलं काय?"

हिरालालांचे कान लाल झाले. इतक्या माणसांत, साक्षीदारांसमोर, डोकं शाबूत असल्याचा दाखला टेबलावर असताना. फाईल त्यांच्या मांडीवर होती आणि त्यातलं एकही परिशिष्ट आता कामाचं राहिलं नव्हतं. पण लाज वाटली ती त्याची नव्हती. आपण एकोडीच्या त्या पोरांना मनात शिव्या दिल्या आणि घरी येऊन तेच केलं, फक्त स्वच्छ अक्षरात केलं, ही ती लाज होती. हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि ते मान खाली घालून बसले.

"मग आज राहू द्यायचं का काका?" टीनानं विचारलं.

"राहू कायले?" विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी डोईवरचा पदर नीट केला. "घर माहं आहे तर कागद मी करतो. एवढे लोकं कामधंदा सोडून आले. लिव वं टीना."

टीनानं कीबोर्ड ओढला. संघपाल काही बोलणार होता, प्रतिक्षानं त्याच्या हातावर हात ठेवला.

"पहिलं सांगा काकू, काका आधी गेले तर?"

"मंग मी माह्या घरात राहीन. त्याच्यात लिवाचं काय आहे? आपल्या घरात राह्याले कागद लागते काय?"

"नाही लागत," टीना म्हणाली.

"अन् या पोराईले सांगून ठेव, मी कोनाकडं महिने भराले येनार नाही. मन झालं तं येईन. पाहुनी म्हणून येईन, चार दिवस राहीन, नातवंडाईले पाहीन अन् येईन वापस."

प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. संघपाल फरशीकडे बघत होता. हेडाऊ उगाचच खिडकीबाहेर ट्रक बघू लागले.

"आणि तुम्ही आधी गेलात तर?"

विमलाबाई थांबल्या. त्यांनी हिरालालांकडे बघितलं. नवऱ्याला वाटलं, आता आपले महिने पडणार. पडायलाच पाहिजेत. पुणे येथे, नागपूर येथे. त्यांनी फाईल घट्ट धरली.

"मी आंधी गेली," विमलाबाई टीनाला म्हणाल्या, पण बघत नवऱ्याकडेच होत्या, "तर घर याईचं. याईले कोनी नेऊ नका. ज्याले सेवा कराची असन त्यानं इथं यावं. याईले चहाच्या पुढं काही करता येत नाही, पन जागा बदलली का याईले झोप लागत नाही. आसगावले तीन वर्षं झोपले नव्हते हे. याईच्या मांगं मंग पोरं पाहून घेतीन." आणि मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चालन न जी तुमाले? एकटे राहसान न त्या घरात?"

हिरालालांनी तोंड उघडलं. चष्म्याखालून पाणी गालावर आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. इश्वर गुरुजींनी रुमाल पुढं केला, तो त्यांना दिसला नाही.

"सांगा न जी," विमलाबाई हळू म्हणाल्या. "तुमाले इचारल्याबिगर मी कशी लिवू?"